ठोकळ्यांची पद्मिनी

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी टॅक्सी म्हणून नोंदली गेली होती आणि शहरातील टॅक्सीला घालून दिलेली २० वर्षांची वयोमर्यादा तिने पूर्ण केली. गाडी अजून चालते का, हे नियम विचारत नाही. निवृत्तीच्या वयाची रीत माणसांच्या बाबतीतही अशीच असते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

प्लॅस्टिकच्या जोडठोकळ्यांपासून, स्वतः आखलेल्या नकाशाप्रमाणे, मोटारीची प्रतिकृती बांधणे हा छंद या लेखात सुचवायचा आहे. उदाहरण म्हणून पद्मिनीच घेऊ. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही मूळची इटालियन फियाट घडली आणि साठी ओलांडलेल्या असंख्य मराठी वाचकांच्या आयुष्यात कुठे ना कुठे येऊन गेली. कुणी ती वर्षानुवर्षे चालवली, कुणी तिच्यात बसून सासरी आले, कुणी रात्री-अपरात्री तिच्यातूनच प्रसूतिगृह गाठले. स्टेअरिंगच्या दांड्यालाच असलेला गिअर, टॅक्सीच्या बाहेरच्या अंगाला बसवलेले मीटर, काळे अंग आणि पिवळा टप, हे सारे तुम्हाला पाठ आहे. घरातील विशीतल्या नातवाला यातले फारसे ठाऊक नाही. या कामात जाणकार तुम्ही आहात, आणि आमच्या मते या छंदाचे आरोग्यमूल्य प्रामुख्याने तेथेच आहे.

बाजारात प्रसिद्ध मोटारींचे आयते संच मिळतात. लेगो कंपनीने २०२० साली काढलेला फियाट ५००चा संच ९६० तुकड्यांचा आहे. सोबत चित्रपुस्तिका असते. पानामागून पान उलटत गेले की गाडी तयार होते. त्यात आनंद नाही असे मुळीच नाही. मात्र त्यात प्रत्येक निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेला असतो. वयोवृद्ध माणसाच्या दिवसातील बहुतेक निर्णय तसेही दुसरेच घेऊ लागतात. गोळ्या केव्हा, जेवणात मीठ किती, फिरायला एकट्याने जायचे की नाही, सारे ठरलेले. स्वतःच्या आराखड्याची गाडी बांधताना मात्र बॉनेट किती लांब, हेडलाइट किती वर, हे तुम्हीच ठरवता आणि चुकले तर तुम्हीच उकलता.

यामुळे स्मृतिभ्रंश टळतो काय? असा दावा कुणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत डेनिस पार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वर्षे वयाच्या मंडळींवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, काहींना डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडीकामासारखी नवी कौशल्ये शिकवली, तर इतरांनी गप्पागोष्टी, सहली किंवा घरगुती सोपे उद्योग केले. नवे आणि डोक्याला ताण देणारे काम शिकलेल्या मंडळींच्या स्मरणशक्तीत तुलनेने सुधारणा दिसली. त्या अभ्यासात ठोकळे नव्हते आणि आठवड्याला १५ तास ही काही थोडीथोडकी मेहनत नव्हे. तेव्हा एवढेच म्हणावे, की जे काम आधीपासून येते त्यापेक्षा जे शिकावे लागते त्याकडे वळण्यास आधार आहे.

ठिपके ठरलेले, रेघा तुमच्या

डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्टियन्सेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली; त्यातून लेगो कंपनी उभी राहिली. आजच्या ठोकळ्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८चे. माथ्यावर गोल उंचवटे आणि पोटात पोकळ नळ्या. खालच्या ठोकळ्याचे उंचवटे वरच्याच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट बसतात, डिंक लागत नाही. १९५८चा ठोकळा आजच्या ठोकळ्यातही बसतो. पेटंटची मुदत केव्हाच संपल्यामुळे त्याच मापाचे ठोकळे आता इतरही उत्पादक करतात आणि ते पुष्कळ स्वस्त पडतात. परदेशी गेलेल्या मुलांच्या लहानपणीचे खोके माळ्यावर असेल तर तेच आधी खाली काढा. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून ठोकळे धुवा आणि सावलीत वाळवा. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको.

आता गणिताची चौकटीची वही घ्या. ज्या आजींनी आयुष्यभर २१ ते ११ ठिपक्यांच्या रांगोळ्या काढल्या, त्यांना हे काम जड जाणार नाही. लगतच्या दोन उंचवट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर असते. खऱ्या पद्मिनीची रुंदी आणि उंची दोन्ही दीड मीटरच्या किंचित आत, लांबी चार मीटरच्या किंचित आत आणि पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर सुमारे २.३ मीटर. प्रतिकृती ८ उंचवटे रुंद धरली तर रुंदी ६४ मिलिमीटर होते, म्हणजे खऱ्या गाडीच्या सुमारे तेविसावा भाग. त्याच हिशेबाने लांबी २१ उंचवटे, बंपर धरून २२, आणि चाकांमधील अंतर १३ उंचवटे येते. याहून लहान, ६ उंचवट्यांची गाडीही करता येते, पण तिचे तुकडे इतके बारीक की वयस्क बोटांना आणि डोळ्यांना ते उगाच छळतात.

उंचीपाशी मात्र नवशिक्याची फसगत होते. ठोकळा जितका रुंद तितका उंच नसतो. रुंदी ८ मिलिमीटर, पण उंची ९.६. वहीतल्या चौकटी मोजून तितकेच ठोकळे रचले तर गाडी डबलडेकर बसच्या वळणावर जाते. उंचीसाठी चपट्या पट्ट्यांचे माप धरावे. एक पट्टी ३.२ मिलिमीटरची, तीन पट्ट्यांचा एक ठोकळा. ६४ मिलिमीटर उंची म्हणजे चाकांसकट बरोबर २० पट्ट्या.

आणि इथेच या खेळातली खरी गंमत दडलेली आहे. दोन उंचवट्यांची रुंदी १६ मिलिमीटर आणि पाच पट्ट्यांची उंचीही १६ मिलिमीटर. म्हणजे उभे काम आणि आडवे काम पाचास दोन या प्रमाणात तंतोतंत जुळते. याचा उपयोग गाडीच्या तोंडापाशी होतो. पद्मिनीची पुढची जाळी आडव्या रेघांची, दोन्ही कडांना गोल हेडलाइट. उंचवटे आकाशाकडे ठेवून हे नीट साधत नाही. म्हणून काटकोनी तुकडा लावून उंचवटे समोरच्या बाजूस वळवायचे आणि त्यांवर जाळी व दिवे बसवायचे. मध्ये राहणारी फट किती पट्ट्यांनी भरेल, ते पाचास दोनच्या हिशेबाने आधीच वहीत कळते. ज्यांनी कधी ब्लाऊज बेतला आहे, दारे-खिडक्या केल्या आहेत किंवा लेथवर काम केले आहे, त्यांच्या बोटांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की इथे माया ठेवायची सोय नाही.

बांधणीचा क्रम असा ठेवावा. आधी चाके निवडा, साधारण अडीच सेंटीमीटर व्यासाची. बाकी साऱ्या गाडीचे माप त्यांच्यावर अवलंबून असते. मग तळ, मग बाजू. गवंडी जसा विटांचा सांधा सांध्यावर येऊ देत नाही, तसेच इथेही, नाहीतर दार उचलताना मडगार्ड हातात येते. टप सुटा ठेवला तर आतली आसने दिसतात आणि दुरुस्तीलाही हात जातो. काचांचे तिरके पारदर्शक तुकडे मिळाले नाहीत तर जागा मोकळी सोडा, नजर ती आपोआप भरून काढते. या आकारात सगळेच दाखवता येत नाही. व्यंगचित्रकार नाक आणि चष्मा पकडतो, बाकीचे सोडतो. पद्मिनीचे नाक-चष्मा म्हणजे गोल दिवे, मागच्या टोकांची किंचित उचललेली शेपटी आणि टॅक्सी असेल तर ते बाहेरचे मीटर. तुम्हाला वेगळे काही महत्त्वाचे वाटत असेल तर तेच बरोबर, गाडी तुमची आहे.

हात, डोळे आणि पाय

अंगठ्याच्या बुडाशी संधिवात असेल तर ठोकळा चिमटीत धरून दाबल्याने दुखणे वाढते. तुकडा पोळपाटावर ठेवा आणि तळहाताने दाबा. पोळपाट सरकू नये म्हणून खाली ओले फडके. पट्ट्या सुट्या करण्यासाठी एक छोटी तरफ मिळते, ती अवश्य घ्या. दातांनी ओढण्याचा मोह खऱ्या दातांना आणि कवळीला सारखाच घातक. सकाळी बोटे आखडत असतील तर गरम पाण्याच्या अंघोळीनंतर बसा. अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला, मान मोकळी करा.

काळ्या ठोकळ्यावर काळा ठोकळा दिसत नाही, आणि आपली टॅक्सी नेमकी काळी. परातीत पांढरे कापड अंथरून तुकडे त्यावर पसरा, उजेड बाजूने येऊ द्या. मोतीबिंदूमुळे गडद निळा आणि काळा यांत गोंधळ होतो; रंग निवडून वेगळ्या वाट्यांत ठेवण्याचे काम दुसऱ्या कुणी करावे.

काठाची परात सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असेल तर जमिनीवर पडलेल्या ठोकळ्यावर पाय पडूनही कळत नाही आणि जखम वाढत राहते. काम संपले की जमीन पाहून घ्यावी आणि पायात चप्पल असावी. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर डबा उंचावर ठेवा.

हे टेबल कधीकधी आजाराची वर्दीही देते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याचे हात अचानक थरथरू लागले, घाम फुटला, तर तो कामाचा थकवा समजू नका, साखर तपासा. कालपर्यंत जमणारे काम आज एका हाताला एकाएकी जमेनासे झाले, तोंड वाकडे दिसले किंवा बोलणे अडखळले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. पक्षाघातात एकेक मिनिट मोलाचे असते. पक्षाघातातून सावरणाऱ्यांनी हा छंद आपल्या फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने सुरू करावा. पुष्कळदा अशक्त हाताला नुसते धरून ठेवण्याचे काम देता येते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

आता हा अंक वाचून दाखवणाऱ्या मुलांना, सुनांना आणि मदतनिसांना थोडे सांगायचे आहे. तुमचा सर्वांत मोठा शत्रू तुमचा वेग आहे. अप्पा एक पट्टी बसवायला पाच मिनिटे घेतात, तुम्हाला पाच सेकंद लागतात, आणि हात आपोआप पुढे जातो. तो मागे घ्या. रात्री ते झोपल्यावर मागचे चाक सरळ करून ठेवू नका. सकाळी त्यांच्या लक्षात येते, आणि मग गाडी त्यांची उरत नाही.

“सांगा बघू, हे काय?” अशी तोंडी परीक्षा नको. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला ती फार बोचते. त्याऐवजी खरोखर माहीत नसलेले विचारा: “आई, पुढच्या सीटवर तिघं बसायचे का हो?” उत्तर मिळाले तर ऐका, नाही मिळाले तरी हरकत नाही. मीटर चुकीच्या बाजूला लागले तर लागू द्या. आजार पुढे गेलेला असेल तर दोनच तुकडे समोर धरा आणि निवड त्यांना करू द्या. बारीक वस्तू तोंडात घालण्याची सवय लागली असेल तर लहान ठोकळे बंद. त्याऐवजी डुप्लो हे दुप्पट मापाचे ठोकळे घ्या. त्यांची गाडी ओबडधोबड होते, पण होते.

नकोच म्हणाले तर आग्रह धरू नका. मात्र ज्या गोष्टी पूर्वी आवडत होत्या त्या सगळ्यांतूनच मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाले असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते वय झाल्याचे लक्षण मानू नका, डॉक्टरांना दाखवा. नैराश्यावर या वयातही उपचार होतात. आणि ते वाट्यांतून तुकडे निवडत असतील तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पळू नका. चहा घेऊन शेजारी बसा. तुमच्याही दिवसात बसून प्यालेला चहा फारसा नसतो.

शेवटी राहते नंबरप्लेट. ती ठोकळ्यांची करू नये, अक्षरे बसत नाहीत. गुळगुळीत पाठीच्या पट्टीवर कागदाचा कपटा चिकटवा आणि पेन त्यांच्या हाती द्या. घरच्या गाडीचा किंवा रोजच्या टॅक्सीचा नंबर आठवला तर तो, नाहीतर त्यांना आवडेल तो. अक्षर कापरे आले तरी तसेच ठेवा, वर तुमचे गिरवू नका.