उसाच्या ट्रॉलीचा आस व कमान : वाटेंत मोडतोड झाल्यास काय करावें?

लागणीपासून तोडणीपर्यंत बारा ते अठरा महिने शेतकरी आपल्या उसाची जी काळजी वाहतो, तिचें फळ अखेरीस फडापासून काट्यापर्यंतच्या थोडक्या वाटेवर अवलंबून असतें. बीं, खत व पाणी यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु सारें पीक ज्या चाकांवरून कारखान्यास पोंचतें, त्यांच्यामधील आसाकडे तो तुटेपर्यंत कोणाचें लक्ष जात नाहीं. आस तुटला म्हणजे केवळ लोखंडाचें नुकसान झालें असें नव्हे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आंत गाळला जावा हें उत्तम. त्यापुढें तो वाळून वजनास घटतो व त्यांतील साखरही उतरत जाते. खोळंबलेली ट्रॉली अंधारांत रस्त्यावर उभी राहिली कीं, मागून येणाऱ्या वाटसराच्या प्राणाशीं गांठ पडते. शिवाय तोडणीच्या टोळींतील बायकापोरें पुष्कळदां याच ट्रॉलींत बसून मुक्काम हालवितात. यास्तव हा विषय केवळ लोहाराचा किंवा मिस्त्रीचा समजून चालणार नाहीं. तो ट्रॉलीच्या मालकाचा आहे.

प्रवरानगर येथील सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ सालीं झाला. त्या पिढीच्या बैलगाडीस बाभळीच्या लांकडाचीं चाकें असत व लोखंडी आसावर तुंबा फिरत असे. मुक्कामास पोंचल्यावर आधीं बैलांस वैरण आणि मग चाकांस वंगण, हा गाडीवानाचा नेम असे. आतां लांकडी तुंब्याच्या जागीं बेअरिंगाचा हब आला, धांवेच्या जागीं हवेचा टायर आला, आणि ओझें अनेक पटींनीं वाढलें. परंतु रोजच्या वंगणाबरोबर होणारी रोजची पाहणी मात्र सुटली. बहुतेक मोडतोडीचें मूळ येथेंच सांपडतें.

ओझ्याचा हिशेब

दोन चाकी ट्रॉलीचा भार बराचसा एकाच आसावर व थोडा ट्रॅक्टरच्या हुकावर पडतो. आसाच्या दोन्ही टोंकांस हब असून प्रत्येक हबांत दोन निमुळत्या रोलरांचीं बेअरिंगें असतात. आंतील मोठें व बाहेरील लहान. या बेअरिंगांचें आयुष्य ओझ्याच्या सरळ प्रमाणांत घटत नाहीं, तर त्याहून फार जलद घटतें. ठरल्या वजनाच्या सवापट माल भरला तर आयुष्य जवळ जवळ निम्मे होतें. दीडपट भरला तर चौथाईच्या आसपास येतें. म्हणजे चार हंगाम चालावयाचें बेअरिंग एकाच हंगामांत संपतें. एका खेपेस चार मोळ्या अधिक नेल्याचा लाभ कागदावर दिसतो. त्याचा खर्च मात्र माघ महिन्यांत आडवाटेवर भरावा लागतो.

उलट पक्षीं आसाची ताकद त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणें वाढते. ७५ मि. मी. जाडीच्या चौकोनी आसाऐवजीं त्याच जातीच्या लोखंडाचा ९० मि. मी. जाडीचा आस घेतला, तर जाडी पांचव्या हिश्श्यानेंच वाढते. परंतु ताकद सुमारें पावणेदोनपट होते. नवी ट्रॉली घेतांना रंगाकडे व नक्षीकडे न पाहतां आसास आधीं माप लावावें, असें सांगण्याचें कारण हेंच होय.

आस एकाएकीं तुटत नाहीं

"चांगला धडधाकट आस खड्ड्यांत एकदम तुटला," असें आपण ऐकतों. बहुधा तें खरें नसतें. चाक फिरूं लागलें कीं त्याबरोबर फिरणाऱ्या आसाच्या प्रत्येक अंगास आळीपाळीनें ताण व दाब बसतो. ट्रॉलीचा आस स्वतः फिरत नाहीं. परंतु प्रत्येक खड्ड्यागणिक तोही वांकतो व पूर्ववत् होतो. असें लक्षावधि वेळां झालें म्हणजे जेथें जाडी एकदम बदलते, त्या खांद्याशीं केसासारखी चीर पडते व ती हळूहळू आंत शिरते. अखेर उरलेलें लोखंड भार सोसूं शकत नाहीं आणि शेवटचा खड्डा निमित्तमात्र होतो.

हें ज्ञान जगास फार महाग पडलें आहे. फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आस ता. ८ मे १८४२ रोजीं तुटला, डब्यांस आग लागली व पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर स्कॉटलंडचे एंजिनियर विल्यम रॅन्किन यांनीं आगगाड्यांच्या तुटलेल्या आसांचा अभ्यास करून १८४३ सालीं असें दाखविलें कीं, चीर खांद्यापासून आंत वाढत जाते; आणि खांदा काटकोनांत न ठेवतां गोलाईनें उतरवावा अशी शिफारस केली. पुढें जर्मनींतील ऑगस्ट वोलर यांनीं अशा आसांवर अनेक वर्षें प्रयोग करून हा विषय पक्क्या पायावर आणला.

तुटलेल्या आसाचें तोंड आपणांसही वाचतां येतें. त्यावर एक भाग गुळगुळीत, काळपट किंवा तांबेरलेला दिसेल व उरलेला ताजा, खडबडीत आणि चकाकणारा दिसेल. काळपट भाग ही जुनी चीर होय. माझ्या पाहण्यांत आलेल्या एका आसाचा निम्म्याहून अधिक भाग असा तांबेरलेला होता. म्हणजे तो अनेक दिवस अर्ध्याच लोखंडावर चालत होता आणि दोष मात्र खड्ड्यास दिला जात होता. यास्तव हंगामापूर्वीं हब काढून खांद्याची जागा रॉकेलनें स्वच्छ पुसावी, वर खडूची पूड लावावी व थोडा वेळ थांबावें. चीर असल्यास आंत राहिलेलें तेल खडूवर रेघेसारखें उमटतें. असा आस जोडून वापरण्याच्या भरीस न पडतां बदलावा.

कमानीचें मर्म

कमानीचे पाटे आसावर घट्ट धरून ठेवण्याचें काम यू-बोल्टांचें आहे. मधला लहान बोल्ट केवळ पाट्यांची जागा धरण्यासाठीं असतो. यू-बोल्ट सैल झाले कीं त्यांचा भार या लहान बोल्टावर येतो, तो कापला जातो व आस एका बाजूनें मागें सरकतो. कधीं बोल्ट न कापतां पाटाच मधल्या छिद्राशीं तडकतो. नवे पाटे बसविल्यावर पहिल्या भरलेल्या खेपेनंतर ते दबून बसतात. म्हणून त्या खेपेनंतर यू-बोल्टांचे नट पुन्हां आवळावे व पुढें दर आठवड्यास तपासावे.

तुटलेला पाटा वेल्डिंग करून बसविण्याची चाल फार आहे. ती सर्वथा त्याज्य होय. पाट्याचें पोलाद विशेष रीतीनें तापवून व पाणी देऊन लवचिक केलेलें असतें. वेल्डिंगच्या आंचेनें तो गुण त्या ठिकाणीं नष्ट होतो आणि सांध्याच्या शेजारीं पाटा कांचेप्रमाणें तडकतो.

आस सरळ आहे कीं नाहीं हें पाहण्यास एक दोरी पुरे. रिकामी ट्रॉली सपाट जागीं उभी करून हुकाच्या छिद्रापासून प्रत्येक हबाच्या मध्यापर्यंतचें अंतर मोजावें. दोन्ही अंतरें सारखीं असलीं पाहिजेत. तफावत असेल तर आस सरकला आहे. अशी ट्रॉली तिरपी चालते, टायर एका कांठानें खाते व वळणावर रस्ता अधिक व्यापते.

वाटेंतील इशारे

मोडण्यापूर्वीं ट्रॉली इशारा देते. चाकांतून घरघर ऐकूं येणें, जळक्या ग्रीसचा वास, हबांतून तेल ओघळणें, चाक डुलणें किंवा ट्रॉली एका अंगास कलणें, यांपैकीं कांहींही दिसतांच थांबावें. प्रत्येक थांब्यावर सर्व हबांस हात लावून पाहावा. हब कोमट लागणें स्वाभाविक आहे; परंतु एकच हब इतरांहून फार तापलेला असेल व त्यावर हात ठेववत नसेल, तर पुढें जाऊं नये. अशा हबावर थंड पाणी ओतूं नये. तापलेलें पोलाद एकदम निवल्यानें तडकतें. त्यास सावकाश निवूं द्यावें.

मोडतोड झाल्यावर

प्रथम माणसांचा विचार करावा, मग उसाचा व शेवटीं ट्रॉलीचा. बसलेल्या सर्वांस खालीं उतरवून रस्त्यापासून दूर न्यावें. शक्य तर ट्रॉली मुरमाच्या बाजूपट्टीवर घ्यावी. ट्रॅक्टरचा ब्रेक ओढावा व धड असलेल्या चाकांस दोन्ही बाजूंनीं पाचरी द्याव्या. मागें निदान पन्नास पावलांवर चकाकणारा त्रिकोण ठेवावा. वळण किंवा चढ असल्यास तो वळणाच्या अलीकडे, येणाऱ्यास आधीं दिसेल असा ठेवावा. रात्रीं एक माणूस विजेरी घेऊन तेथें उभा करावा. झाडाची फांदी दिवसा चालेल. अंधारांत ती कोणास दिसत नाहीं.

भरलेली दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून कदापि सोडूं नये. ओझें पुढें असेल तर दांडी पायावर आदळते. मागें असेल तर ट्रॉली उलाळ होऊन दांडी वर उसळते. ट्रॉली कलली असेल तर आधीं ऊस उतरावा, मग जॅक लावावा. जॅकखालीं जाड फळी घालावी, तो आसास कमानीजवळ लावावा आणि उचलल्याबरोबर लांकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा. एकट्या जॅकच्या भरंवशावर कोणीही खालीं शिरूं नये.

चाक उचलल्यावर वर-खालीं धरून हालवावें. नुसता ढिलेपणा असेल तर टोपी काढून आंतील पिन काढावी, चाक फिरवीत नट घट्ट होईपर्यंत आवळावा, नंतर थोडा मागें घेऊन कागदाच्या जाडीएवढी मोकळीक ठेवावी व नवी पिन घालावी. रोलर निळे पडले असतील किंवा त्यांवर खड्डे असतील, तर बेअरिंग बदलावें, आणि त्याबरोबर हबांतील त्याची वाटीही बदलावी. जुन्या वाटींत नवें बेअरिंग टिकत नाहीं. ग्रीस लिथियमचें वापरावें. साधें कॅल्शियमचें ग्रीस शंभर अंशांच्या आसपासच पाघळूं लागतें. बेअरिंगाच्या रोलरांत तें दाबून भरावें. हब मात्र कांठोकांठ भरूं नये.

मुख्य पाटा तुटला असेल तर ट्रॉली रिकामी करून आस व सांगाडा यांमध्यें बाभळीचा ठोकळा घालावा, साखळीनें आवळावा आणि माणसाच्या चालीनें जवळच्या दुकानापर्यंत न्यावी. आस सरकला असेल तर त्यास पुढील बाजूस साखळीनें बांधून हेंच करावें. आसच तुटला असेल तर ट्रॉली फरफटत नेऊं नये. ऊस दुसऱ्या ट्रॉलींत भरावा व मोडकी ट्रॉली उचलून न्यावी.

निघतांना चाकाखालील दगड, माती व पडलेले ऊस रस्त्यावरून दूर करावे. आपली अडचण सरली तरी मागें राहिलेला तो दगड रात्रीं दुचाकीवरून येणाऱ्याचा काळ ठरूं शकतो.

कायद्याची बाजू

महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या मनुष्यास कायदा सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम १९४ अन्वयें, २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणें, मर्यादेबाहेर वजन वाहिल्यास वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागें दोन हजार रुपये दंड आहे. कलम १२२ प्रमाणें दुसऱ्यांस धोका होईल अशा स्थितींत वाहन सोडून जाणें मना आहे. आणि कलम १२७ प्रमाणें दहा तास बेवारस राहिलेलें वाहन पोलिसांस हालवितां येतें. वाहन मोडलें ही सबब माणूस दगावल्यावर उपयोगी पडत नाहीं.

सामाईक पेटी

प्रत्येक ट्रॉलीबरोबर जॅक, दोन ठोकळे, चार पाचरी, साखळी, त्रिकोण व विजेरी असावी. बेअरिंगाचा जोड, यू-बोल्ट, पिना व ग्रीस हें सामान एकेका मालकास जड वाटल्यास आठ-दहा मालकांनीं मिळून एक पेटी करावी व ती गांवांत ठराविक घरीं ठेवावी. मात्र त्यासाठीं सर्वांचे हब एका मापाचे आहेत ना, हें आधीं पाहावें. खंडेनवमीस आपण अवजारांची पूजा करितों, आणि गळीत हंगाम त्यानंतरच सुरू होतो. त्या दिवशीं ट्रॉलीस हार घालण्यापूर्वीं चारही हब उघडून बेअरिंगें धुवावीं, दोरीनें आस मोजावा व यू-बोल्ट आवळावे. एवढी पूजा यथासांग झाली, तर ट्रॉली बहुधा काट्यापर्यंत बिनघोर पोंचेल आणि तिच्या मागून येणारा वाटसरूही आपल्या घरीं सुखरूप पोंचेल.