अर्जाच्या चौकटीतले मराठी नाव

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहतात. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या मुलांसाठी आम्ही काही शिक्षक निबंधस्पर्धा घेतो. एका वर्षी कागदी अर्ज बंद करून मी वेबपानावरचा अर्ज तयार केला. बक्षीस समारंभात एका मुलीच्या हाती प्रमाणपत्र पडले. त्यावर नाव होते ‘ज्ञानेश्वर’. मुलगी ज्ञानेश्वरी. बाकीची मुले हसली, तिने कागद दुमडून दप्तरात टाकला. अर्ज तिच्या आईने नीट भरला होता. चूक मी लिहिलेल्या एका आकड्याची होती.

वेबपानावरच्या अर्जातल्या बहुतेक चौकटी एचटीएमएलमधल्या ‘इनपुट’ या घटकाने बनतात. घटक एकच, पण त्याला जोडलेले गुणधर्म त्याचे रूप ठरवतात. ‘टाइप’ या गुणधर्मापुढे ‘टेक्स्ट’ लिहिले की मजकुराची चौकट, ‘डेट’ लिहिले की तारखेची, ‘रेडिओ’ लिहिले की अनेकांतून एक निवडण्याची. ‘नेम’ हा चौकटीचा आतला ओळखशब्द. तो दिला नाही तर भरलेला मजकूर अर्जाबरोबर पोचतच नाही. ‘रिक्वायर्ड’ असेल तर चौकट रिकामी सोडता येत नाही. इथवर भाषा कोणतीही असो, फरक पडत नाही.

फरक पडतो तो ‘मॅक्सलेंग्थ’पाशी. चौकटीत जास्तीत जास्त किती मावेल, ते हा गुणधर्म सांगतो. मी १० लिहिले. दहा अक्षरांहून मोठे नाव कुणाचे असणार, असा माझा हिशेब. आपण ‘ज्ञानेश्वरी’ चार अक्षरांची मानतो: ज्ञा, ने, श्व, री. ब्राउझर मोजतो ते युनिकोडचे संकेतांक. त्यात काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांना प्रत्येकी स्वतंत्र संकेतांक आहे. म्हणून या नावाची लांबी भरते ११. दहावर ‘र’ आला आणि शेवटची वेलांटी बाहेर राहिली. वाईट म्हणजे हा गुणधर्म काही बोलत नाही; टंकणाऱ्याला कळ दाबल्याचे समाधान मिळते, चिन्ह मात्र उमटत नाही. आता मी नावाला १०० ठेवतो.

‘पॅटर्न’ निदान तक्रार तरी करतो. मजकुराचा साचा त्यात लिहायचा. संपूर्ण मजकूर साच्यात बसला नाही तर अर्ज अडतो, आणि ‘टायटल’मध्ये खुलासा लिहिला असेल तर बरेच ब्राउझर तो दाखवतात. आयते उचललेले साचे बहुधा ‘ए ते झेड’ एवढेच मानतात, म्हणजे देवनागरी नाव दारातच अडते. युनिकोडचा ‘अक्षर’ हा वर्ग घेतला तरी पुरत नाही, कारण काना-मात्रा ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात मोडतात. ‘राम’सुद्धा नापास होतो. दोन्ही वर्ग हवेत, शिवाय नावांमधली मोकळी जागा. त्यातही खानदेशातले ‘बऱ्हाटे’ हे आडनाव पाहा. त्यातला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकीत नुक्त्याचा ‘ऱ’, दुसरीत साधा ‘र’, पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण ते जोडचिन्ह ना अक्षरांत, ना चिन्हांत, त्यामुळे त्याला साच्यात वेगळी जागा द्यावी लागते. माझे मत विचाराल तर नावाला ‘पॅटर्न’ लावूच नये. तो पिनकोडसाठी ठीक.

आकड्यांचेही असेच. ‘टाइप’ला ‘नंबर’ लिहिले तर प्रमाणानुसार इंग्रजी अंकच आकडा ठरतात. ‘७’ सगळीकडे चालेल असे धरू नये. इयत्ता मी निवडीच्या यादीत ठेवतो. मोबाइल क्रमांकाला ‘टेल’ बरा, कारण ‘नंबर’मध्ये सुरुवातीचे शून्य गळू शकते.

हे सगळे पहारे ब्राउझरमध्ये असतात आणि ते टाळता येतात. अर्ज पोचल्यावर सर्व्हरवर पुन्हा तपासणी करावीच लागते. आणि अर्ज खुला करण्याआधी मी स्वतः तो तीनदा भरतो: एकदा ज्ञानेश्वरी या नावाने, दोनदा बऱ्हाटे या आडनावाने.