दिवसा वसुली, पहाटे रॉजर्स

पहाटे ४.४५
गजर मी लावतो आणि जागी होते मुलगी. तिचा दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिलाय, मग ती मोकळी. स्वयंपाकघरातल्या टेबलाची खिडकीकडची बाजू तिची, गॅसकडची माझी. चहा मी करायचा, असा करार आहे. ती नकाशात नद्या भरते, मी कार्ल रॉजर्स उघडतो.

मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत वसुली अधिकारी आहे आणि इग्नूमधून एम.ए. मानसशास्त्र करतोय. दुसऱ्या वर्षाला समुपदेशनाचा गट घेतलाय. ही दोन वाक्यं लागोपाठ सांगितली की समोरचा हसतोच. "म्हणजे आधी रडवायचं, मग डोळे पुसायचे!" असं माझे साडू एका लग्नाच्या पंगतीत म्हणाले होते. वाक्य झकास आहे, फक्त खरं नाही. वसुलीत कुणाला रडवावं लागत नाही. आमच्यापर्यंत येणारी माणसं एक तर आधीच रडून झालेली असतात, नाहीतर रडणाऱ्यातली नसतात.

इग्नूच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे १२० तास. नोकरी करणाऱ्याने हे तास कुठून काढायचे हे विद्यापीठ सांगत नाही, आणि सांगूही नये. मी ते झोपेतून काढतो. पहाटेचे दीड-पावणेदोन तास खात्रीचे, बाकी दिवसाचा भरवसा नाही. त्यात असाइनमेंट हाताने लिहायच्या. अंतिम गुणांत त्यांचा वाटा ३० टक्के, परीक्षेचा ७०. जूनच्या परीक्षेसाठी त्या द्यायच्या मार्चअखेरीच्या सुमारास, म्हणजे बरोबर ज्या दिवसांत आमचं ऑफिस पेटलेलं असतं तेव्हा. मुदतवाढ मिळते म्हणतात, पण तिच्यावर विसंबून राहायचं नसतं. हप्त्याच्या बाबतीत मी लोकांना हेच सांगत असतो.

रॉजर्सने १९५७ साली एक लेख लिहिला. माणसात बदल घडायला कोणत्या गोष्टी असाव्या लागतात, त्याच्या सहा अटी त्याने मांडल्या. त्यांतल्या तीन सगळ्यांच्या तोंडी बसल्या: समुपदेशकाचा सच्चेपणा, समानुभूती आणि विनाअट स्वीकार. पहाटे पाच वाजता हे वाचायला फार बरं वाटतं. माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कागदावर मात्र अट छापलेलीच असते: हप्ता, दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत.

सकाळी ६.४५
दूध, पाणी, डबे. बायको शाळेत शिकवते, तिची बस आधी. या तासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी ९.४५
विश्रामबागेतून गाडी काढून हरभट रोडला. ऑफिस उघडून उदबत्ती लागेपर्यंत थकबाकीची यादी छापून टेबलावर आलेली असते. मार्चमध्ये ती रोज निघते. एनपीएची टक्केवारी खाली आणायची, लेखापरीक्षण तोंडावर, चेअरमन दिवसातून दोनदा चक्कर मारतात. पिग्मी एजंटसुद्धा या दिवसांत दबकूनच आत येतात.

माझं मुख्य हत्यार म्हणजे फोन आणि वसुली रजिस्टर. रजिस्टरात खाते क्रमांक, थकबाकी, आश्वासनाची तारीख आणि शेरा असे रकाने. शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.

सकाळी ११.१०
तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार. तीन हप्ते थकलेत. मागच्या वर्षीपर्यंत मी अशा फोनवर एकच प्रश्न विचारायचो, सगळेच विचारतात: "कधी भरताय?" याला उत्तर म्हणून तारीख मिळते, आणि तारीख द्यायला काही पडत नाही. सोमवार म्हटलं की फोन संपतो. मग सोमवारी फोन उचलला जात नाही.

आता विचारतो, "अण्णा, यंदा बागेचं कसं झालं?"

पलीकडे जरा वेळ नुसता पंपाचा आवाज. मग सुरू झाले. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, निम्मे घड कुजले. उरलेला माल बाहेरच्या व्यापाऱ्याने उचलला, चेक दिला, तो वटला नाही, आता त्याचा फोन बंद. राहिलेल्या मालाचा बेदाणा टाकलाय शेडवर. मी मध्ये बोललो नाही. शेवटी तेच म्हणाले, "बेदाणा निघाला की निम्मे भरतो साहेब. एकदम नाही जमणार."

ही तारीख सोमवारसारखी नाही. हिच्यामागे शेडवर वाळणारा माल आहे.

अशा खुल्या प्रश्नांचं तंत्र पुस्तकात आहे. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूचा त्रास असलेल्या माणसांशी बोलण्याची एक पद्धत मांडली, तिचा मोठा भाग हाच: माणसाला ढकलायचं नाही, बदलाची भाषा त्याच्याच तोंडून येऊ द्यायची. जेरार्ड ईगन यांनी समोर कसं बसावं हेही सांगून ठेवलंय, सरळ सामोरं, मोकळ्या अंगाने, किंचित पुढे झुकून, नजर ठेवून. फोनवर यातलं काहीच चालत नाही. तिथे गप्प राहणं हीच काय ती बैठक.

दुपारी १.३०
डबा. मेथीची भाजी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, शिपायाने आणलेला भडंग. शाखाधिकारी शेजारी येऊन बसले. माझ्या यादीतली वसुली इतरांपेक्षा बरी दिसतेय हे त्यांच्या लक्षात आलेलं. "कोर्सचा फायदा दिसायला लागला बरं का. नव्या पोरांनाही शिकवा हे."

घास घशात अडकावा असं हे कौतुक होतं. साहेबांचं चुकलं नाही, त्यांना आकडा दिसतो. पण रॉजर्सचं सगळं बांधकाम एका गोष्टीवर उभं आहे: ऐकणाऱ्याला समोरच्याकडून काही नको असतं. मला हवं असतं, आणि किती हवं तेही रुपये-पैशांत ठरलेलं असतं. माणसाला मोकळं करून त्याच्या खिशापर्यंत पोचायचं असेल तर ते समुपदेशन नव्हे, गोड बोलून केलेली वसुलीच. दमदाटीपेक्षा ती बरी, हे मान्य. पण दमदाटीत निदान समोरच्याला कळतं की आपल्यावर दाब येतोय.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय. फोन लागल्याबरोबर मी कोण आणि कशासाठी बोलतोय ते सांगायचं. आणि घरातलं, बागेतलं विचारायचं असेल तर ऐकलेलं कर्ज समितीपुढे न्यायची तयारी ठेवायची. हप्ते वाढवून देता येतात का, व्याजात काही करता येतं का, यासाठी भांडायची. तेवढी तयारी नसेल त्या दिवशी सरळ "कधी भरताय" विचारावं, ते जास्त प्रामाणिक. नव्या पोरांना मी हे असं सांगितलं तर साहेबांना आवडेल की नाही, सांगता येत नाही.

दुपारी ४.१५
हा फोन एका जामीनदाराचा. कर्ज मेव्हण्याचं, सही याची. १८७२च्या करार कायद्यातल्या १२८ व्या कलमानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, आणि बहुतेकांना हे कळतं ते नोटीस हातात पडल्यावर. आमच्या यादीतला सगळ्यात एकटा माणूस म्हणजे जामीनदार. पैसे त्याने पाहिलेले नसतात, कर्जदार त्याचा फोन उचलत नाही, आणि घरात सांगायची सोय नसते.

आधी ते चिडले, नेहमीप्रमाणे. मग आवाज उतरला. "आता काय, एकदा सगळं संपवूनच टाकतो. मग लावा नोटीस दाराला."

वसुलीच्या खात्यात हे वाक्य नवं नाही. जुने लोक सांगतात, लक्ष देऊ नका, सगळे म्हणतात. मी हप्त्याचा विषय तिथेच थांबवला आणि सरळ विचारलं: "दादा, जीव द्यायचा विचार येतोय का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. उघड विचारलं की माणसाला बोलायला जागा होते. जरा वेळाने म्हणाले, "रात्री येतो." घरी आत्ता कोण आहे ते विचारलं. वहिनी होत्या, त्यांना फोन द्यायला लावला. आज त्यांना एकटं सोडू नका, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून घ्यायला लावला. तो चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे सकाळी घेऊन जा, हेही सांगितलं. सहा वाजता पुन्हा फोन करतो म्हणालो, आणि केला. वहिनींनीच उचलला. भाऊ आलेत, म्हणाल्या.

मी त्यांचा समुपदेशक नाही आणि होऊही शकत नाही. ज्याच्या टेबलावर त्यांची फाइल आहे, त्याच्यापुढे माणूस मोकळा होईल कसा? साहेबांना सांगून खातं माझ्या यादीतून काढून घेतलं आणि काही दिवस तिकडे कुणी फोन करायचा नाही असं ठरवलं. मार्चमध्ये एवढं मिळवायलाही आवाज चढवावा लागला. शेऱ्याच्या दोन बोटांत लिहिलं: "प्रकृती ठीक नाही. तूर्त संपर्क नको."

संध्याकाळी ७.००
फोन बंद. बँकांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. पतसंस्था सहकार खात्याकडे येतात, पण आम्ही हीच वेळ पाळतो. घरी येऊन मुलीला विचारलं, "काय, कसं वाटतंय अभ्यासाचं?" ती म्हणाली, "बाबा, हा ओपन क्वेश्चन आहे ना? सरळ विचारा, किती धडे राहिले." दोन राहिले होते.

रात्री ८.३०
आठवड्यातून एकदा आम्ही तिघं ऑनलाइन भेटतो. मी, सोलापूरच्या एक परिचारिका आणि साताऱ्याचे एसटीतले एक वाहतूक नियंत्रक. एक जण समुपदेशक, एक अशील, तिसरा फक्त पाहणारा. आज मी पाहणारा. परिचारिका बाईंनी चौथ्याच मिनिटाला सल्ला दिला आणि लगेच स्वतःच कपाळावर हात मारला. वॉर्डात वीस वर्षं सूचना देण्यात गेलेली, जीभ वळायला वेळ लागणारच.

नंतर विषय निघाला तो नेहमीचा. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित अभ्यासक्रमांना दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितलं. म्हणजे आमच्यामागून कुणी येणार नाही. एसटीवाले चिडलेले: "आमच्यासारख्यांनी मग शिकायचंच नाही का?" मी निम्मा त्यांच्या बाजूने आहे. चाळिशीतल्या, घर चालवणाऱ्या माणसाला नियमित कॉलेज परवडत नाही, आणि असं वाहतूक नियंत्रकांच्या केबिनमध्ये, वॉर्डात, वसुलीच्या टेबलावर बसलेलं माणूस चार गोष्टी शिकून आलं तर कुणाचं तरी भलंच होतं. पण उरलेला निम्मा मी आयोगाच्या बाजूने आहे. चार क्रेडिटचं पुस्तक वाचून आणि आठवड्याला एक तास एकमेकांवर सराव करून दाराबाहेर पाटी लावणारे लोक मी पाहिलेत. डोक्यावर अनुभवी पर्यवेक्षक नसताना दुसऱ्याच्या मनाला हात घालणं धोक्याचं आहे. डिग्री हातात आली तरी मी पुढची काही वर्षं कुणाच्या तरी हाताखालीच काम करणार आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि तिचा रस्ताच वेगळा.

रात्री १०.१५
असाइनमेंटचा प्रश्न समुपदेशनातल्या नैतिकतेवर आहे. दुहेरी नातं का टाळावं, गोपनीयता कुठे मोडता येते, असं. उत्तर सुचत होतं, पण हात दुसऱ्या कागदाकडे गेला. उद्या अकराला कर्ज समितीची बैठक आहे आणि द्राक्षवाल्या अण्णांच्या हप्त्यांच्या फेरआखणीचं टिपण त्याआधी फाइलला लागायला हवं. न वटलेल्या चेकची झेरॉक्स त्यांनी मोबाइलवर पाठवलीय, बेदाण्याच्या शेडची पावती सकाळी मागायची. टिपण एक पानी, कारणांसाठी चार ओळी. त्या लिहून झाल्या. असाइनमेंटचं दीड पान पहाटे.