डावऱ्या हाताचा रंधा

बियाणं आणि लोखंडी सळई ही आज जालना जिल्ह्याची ओळख. पण इथली पेरणी पिढ्यान् पिढ्या गावच्या सुतारावर अवलंबून होती. तिफणीची दांडी, तिच्यावरचं चाडं, बैलांचं जू, गाडीची चाकं, सगळं त्याच्याच हातचं. या बलुतेदाराकडे वाकस, करवत, पटाशी यांच्या जोडीला रंधा असायचाच. वाकसानं लाकडाला आकार येतो, रंध्यानं सफाई.

लाकडी रंध्याची रचना साधी आहे. कठीण लाकडाचा ठोकळा, तळाला अरुंद तोंड, त्यात तिरपं बसवलेलं पातं आणि ते आवळून धरणारी पाचर. पात्याच्या माथ्यावर हलकेच ठोकलं की ते खाली सरकतं, ठोकळ्याच्या मागच्या बाजूला ठोकलं की वर येतं. हत्यार फार जुनं. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेई शहरात रंधे सापडले आहेत.

शंभरात साधारण दहा माणसं डावरी असतात. डावऱ्या सुतारानं रंधा कसा निवडावा? सपाटीचा साधा रंधा असेल तर चिंता नको. पातं मधोमध, पाचर मधोमध. तो कोणत्याही हातानं तेवढाच चालतो. फक्त मूठ डाव्या पंज्यात धरून पाहावी. काही रंध्यांत ती एका अंगाला सरकवलेली किंवा उजव्या बोटांच्या बेतानं कोरलेली असते. तसा रंधा दिवसभर चालवला की मनगट भरून येतं.

खरी अडचण खाच पाडायच्या आणि गलत्याच्या, म्हणजे कडेला नक्षी काढायच्या, रंध्यांत येते. त्यांना लाकडाच्या कडेला टेकणारी पट्टी असते. उजवा माणूस रंधा उजवीकडून डावीकडे ढकलतो, म्हणून त्याची पट्टी रंध्याच्या डाव्या अंगाला. डावरा उलट्या दिशेनं ढकलतो. त्याला पट्टी उजव्या अंगाला हवी. पातं तिरकं असेल तर त्याचा तिरकसपणाही उलटा लागतो, नाहीतर रंधा कडेपासून बाहेर पळू लागतो. म्हणून घेण्याआधी तो उलटा करून तळ बघावा: पट्टी कुठल्या अंगाला, पात्याची धार कुठे झुकलेली.

बाजारात असा रंधा मिळाला नाही, तर तो घडवता येतो, आणि इथेच लाकडाचं मोल कळतं. ओतीव लोखंडाचा रंधा साच्यातून येईल तसाच वापरावा लागतो. लाकडी रंधा सुतार स्वतः, स्वतःच्या हाताच्या मापानं करतो. पात्याचा कोनही तोच ठरवतो. बाभळीसारखं पिळदार लाकूड नेहमी तासायचं असेल, तर पातं नेहमीच्या 45 अंशांऐवजी 50 किंवा 55 अंशांवर बसवावं. रेषा उपटत नाहीत.

डावऱ्या पोराला उजव्या हातानं काम करायला लावण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. ती सोडायला हवी. हातात धारदार पातं असताना जो हात वळणाचा, तोच सुरक्षित. शिवाय डावा रंधा एकट्या डावऱ्याच्या कामाचा नाही. लाकडाच्या रेषा उलट्या फिरल्या की उजव्या सुतारालाही त्याच दिशेनं तासावं लागतं. विलायती कारागीर म्हणूनच खाचेची बाजू तासायचे रंधे डावा-उजवा अशा जोडीनं घेत. ज्या कारखान्यात डावरा सुतार आपला रंधा घडवून घेतो, तिथली हत्यारांची जोडी आपोआप पुरी होते.