आवाज बंद ठेवून पाहिलेलं बाळ

सकाळी आठ. लॅब उघडल्यावर पहिलं काम फरशी पुसून घेण्याचं. मग खेळणी धुऊन वाळत टाकायची, दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बघायच्या. एक कॅमेरा बाळाच्या चेहऱ्यावर, दुसरा आईच्या. पूर्वेच्या खिडकीचा पडदा आठवणीने ओढावा लागतो, नाहीतर भिंतीवर कवडसा पडतो आणि बाळ आईला सोडून त्यालाच बघत बसतं.

पावणेनऊला पहिला फोन. बाळ उठलं का, दूध प्यायलं का, सर्दी-ताप नाही ना. पेंगुळलेलं किंवा भुकेलं बाळ आम्ही खुर्चीत बसवत नाही, त्यामुळे दहाची वेळ बारावर जाणं नित्याचंच.

आज मात्र साडेनऊलाच मंडळी हजर: सहा महिन्यांचं बाळ, त्याची आई आणि आजी. डोळ्यांत काजळ, गालावर तीट, मनगटात काळे मणी. चित्रणात मुलगा की मुलगी ते कळू नये म्हणून आमच्याकडचं पांढरं झबलं घालायला दिलं. बाकी काही काढायला सांगत नाही. काजळ-तीट मुलगा-मुलगी दोघांनाही लावतात. संमतिपत्र मी पूर्ण वाचून दाखवते. बाळ सलग पंधरा सेकंद जोरात रडलं तर आम्ही थांबतो, आणि ताई, तुम्हाला नको वाटलं तर त्याआधीही थांबायचं, हे दोनदा सांगते.

दहा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडलेली ही निश्चल चेहऱ्याची पद्धत. आमच्याकडे तिचे दोन-दोन मिनिटांचे तीन टप्पे. आधी आईने नेहमीसारखं खेळायचं. मग बाळाकडे बघत राहायचं, पण चेहरा निश्चल ठेवायचा. बोलणं नाही, हसणं नाही, स्पर्श नाही. शेवटी पुन्हा खेळायचं.

दुसरा टप्पा सुरू झाला. बाळ आधी हसलं. उत्तर येईना तेव्हा भुवया उंचावून थांबलं. पुढे झुकून दोन्ही हात लांब केले, एक लांबलचक हुंकार दिला. मग मान वळवली, झबल्याची नाडी चोखत बसलं, आणि चोखता चोखता तिरक्या नजरेने आईकडे एकदा बघून घेतलं. नंतर ओठ काढला. शेजारच्या खोलीत पडद्यावर हे बघणाऱ्या आजींना राहवेना. “मॅडम, बोलू द्या हो तिला! मुलगा असून बघा कसा रडवेला झालाय.”

वेळ संपली, आई बोलू लागली, तरी बाळ लगेच खुललं नाही. अर्धा मिनिट तरी ते तिला पारखत होतं. तिसऱ्या टप्प्यात अशी नाराजी उरलेली बहुतेक बाळांमध्ये दिसते.

साडेदहाला चहा. आईचे डोळे भरून आले होते. “मी घरी मोबाइल बघते तेव्हाही याला असंच होत असेल का?” या प्रश्नाला वेळ द्यायचा असं मी ठरवूनच ठेवलंय. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणांत नेहमीच्या खेळातही आई आणि बाळ साधारण तीस टक्के वेळच एका सुरात असतात. उरलेल्या वेळात सूर सुटतो आणि तो पुन्हा जुळवला जातो. जुळवणारं दरवेळी मोठं माणूसच असतं असं नाही. आत्ताचा तो लांबलचक हुंकार म्हणजे बाळाचीच खटपट होती. तिला मी ते चित्रण दाखवलं. तिने तो हुंकार तीनदा ऐकला.

अकरा ते एक कोडिंग, आणि ही माझ्या कामातली सगळ्यात आवडती वेळ. जुनं चित्रण संथ गतीने बघायचं आणि प्रत्येक सेकंदाला नोंद करायची: नजर कुठे, भुवया वर की खाली, ओठ कसे, हातपाय काय करतायत. आवाज बंद. आई “आला माझा राजा” किंवा “माझी छकुली ती” म्हणाली की कोडिंग करणाऱ्याला मुलगा की मुलगी ते कळतं आणि डोळे त्याप्रमाणे बघू लागतात.

हा नुसता संशय नाही. जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री यांनी १९७६ साली नऊ महिन्यांच्या एकाच बाळाचं एकच चित्रण २०४ जणांना दाखवलं होतं. काहींना सांगितलं हा मुलगा, काहींना ही मुलगी. डबीतून टुणकन उडी मारणाऱ्या बाहुल्याला बघून ते बाळ बिथरतं. मुलगा समजून बघणाऱ्यांना त्यात जास्त राग दिसला, मुलगी समजून बघणाऱ्यांना भीती. म्हणून आमच्या तक्त्यात राग, भीती असे रकानेच नाहीत. लिंडा कॅमरस यांच्या अभ्यासांनी तर आणखी सावध केलं. अकरा महिन्यांच्या बाळांचे हात धरून ठेवले काय किंवा त्यांच्यासमोर गुरगुरणारा खेळण्यातला गोरिला आणला काय, चेहरे साधारण सारखेच निघाले. फरक होता तो शरीरात. हात धरल्यावर बाळं जास्त धडपडली, गोरिलासमोर जास्त स्तब्ध झाली.

एक वाजता डबा.

दोन. एकच चित्रण बघणाऱ्या सहकाऱ्याच्या आणि माझ्या नोंदी कितपत जुळतात याचं गणित. आज एका जागी अडलं: सहकारी म्हणतो नजर आईवर, मी म्हणते तिच्या कानातल्या डुलावर. पाऊण तास गेला. तो सत्कारणी लागला असं मी मानते.

तीन. विद्यार्थ्यांबरोबर वाचन. आजचा निबंध २००० सालचा, केंब्रिजचा, सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाचा. १०२ नवजात बाळांना एकदा माणसाचा चेहरा, एकदा टांगलेलं यंत्रवत खेळणं दाखवलं. ‘मुलांना वस्तू आवडतात, मुलींना माणसं’ या समजुतीला अजूनही याचाच आधार देतात. मी आकडे फळ्यावर लिहायला लावले. मुलांपैकी ४३ टक्क्यांनी खेळणं जास्त वेळ पाहिलं, मुलींपैकी १७. चेहरा जास्त वेळ पाहणारी मुलं २५ टक्के, मुली ३६. आणि जवळजवळ निम्म्या मुलींचा कल कुठेच नव्हता. शिवाय तो चेहरा प्रयोग करणाऱ्या संशोधिकेचाच होता, आणि काही बाळांचं लिंग तिला आधीच कळलेलं असू शकत होतं. एलिझाबेथ स्पेल्की यांनी हे दोष आणि पुनरावृत्तीचा अभाव दाखवून दिलाय. एका विद्यार्थिनीने विचारलं, “म्हणजे फरक नसतातच का?” असतात, काही अभ्यासांत स्पष्ट दिसतात. निश्चल चेहऱ्याच्या याच प्रयोगात कॅथरीन वाइनबर्ग आणि ट्रॉनिक यांना १९९९ साली सहा महिन्यांचे मुलगे मुलींपेक्षा जास्त कुरकुरताना, सावरायला जास्त झगडताना दिसले. आजींना हे सांगायला हवं होतं.

साडेचार. मानसोपचार विभागाकडून आलेली आई. तिला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान आहे, बाळ पाच महिन्यांचं. पहिला प्रश्न तोच: “माझं याच्यात उतरेल का?” मी काही लपवत नाही. कार्लेन लायन्स-रूथ यांच्या दीर्घ पाठपुराव्यात, दीड वर्षाच्या मुलापासून आई अंतर राखून वागत असेल तर पुढे त्या मुलात तरुणपणी या विकाराची लक्षणं जास्त आढळली. पण हा शक्यतेचा हिशेब आहे, आणि अंतर राखणं ही वागणूक आहे, ती बदलता येते. पाच महिन्यांच्या बाळाला कुठल्याही विकाराचं नाव द्यायला मी तयार नाही. तिच्यावर निश्चल चेहऱ्याचा प्रयोग आम्ही करत नाही. तिच्याच खेळाचं चित्रण लावून, सूर सुटून परत जुळला ते क्षण शोधायचे, एवढंच आजचं काम. पहिले दोन मी दाखवले, तिसरा तिने स्वतः दाखवला.

सहा. सगळी चित्रणं दोन ठिकाणी साठवायची, नाव काढून क्रमांक द्यायचा. कुठला क्रमांक मुलगा आणि कुठला मुलगी ही यादी दुसऱ्या विभागातल्या कपाटात असते. सगळं कोडिंग संपेपर्यंत ती मी मागत नाही.