जलस्कूटरच्या दंडाचे सील

जलस्कूटरच्या एंजिनाची शक्ती झोत-पंपाकडे नेणारा फिरता दंड नावेच्या पोटातून बाहेर पाण्यात जेथे जातो, त्या छिद्रातून पाणी आत येऊ नये म्हणून बसविलेला गळतीरोधक भाग. जलस्कूटरला बाहेर उघडा पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी ओढून पंपातील प्रेरक ते मागील तोटीतून जोराने फेकतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने वाहन पुढे जाते. बाँबार्डिअर या कॅनडातील कंपनीने १९६८ मध्ये ‘सी-डू’ हे असे वाहन बाजारात आणले. १९७० नंतरच्या दशकात जपानच्या कावासाकी कंपनीची ‘जेट स्की’ लोकप्रिय झाली. १९८० ते २००० या काळातील दोन-धावी एंजिनाची अनेक वाहने अजूनही वापरात असून त्यांच्या देखभालीत या सीलकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

दंडाचे छिद्र पाण्याच्या पातळीखाली असते. तेथील पाण्याचा दाब अल्प असला, तरी तो वाहन उभे असतानाही सतत असतो. याउलट दंडाचा वेग मोठा असतो : २५ मिमी. व्यासाचा दंड मिनिटाला ६,००० फेरे करीत असेल, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सु. ८ मी. होतो. एवढ्या वेगाने घासणारा भाग न जळता पाणी अडवील, अशी योजना सीलमध्ये करावी लागते.

प्रकार : पहिल्या प्रकारात आडभिंतीवर बसविलेल्या घरात धारवा म्हणजे बेअरिंग व त्याच्या जोडीला रबरी ओठाची सीले असतात. ओठाभोवतीची बारीक स्प्रिंग तो दंडावर हलकेच दाबून धरते. सीलांमधील पोकळीत ग्रीज भरलेले असते. ते ओठाला वंगण पुरविते व पाण्यालाही अडविते. दुसऱ्या प्रकारात रबरी भात्याच्या टोकाला कार्बनचे कडे बसविलेले असते. ते दंडाबरोबर फिरणाऱ्या अगंज पोलादी कड्याच्या सपाट तोंडावर भात्याच्या दाबाने टेकते. येथे पाण्याचा पातळ थरच वंगणाचे काम करतो.

बिघाडाची कारणे व लक्षणे : सील क्वचितच आपोआप निकामी होते. झिजलेले धारवे, एंजिन व पंप एका रेषेत नसणे, वाकलेला दंड, दंडावर पडलेली खाच, गुंडाळलेली दोरी आणि वाळू ही बहुधा मूळ कारणे असतात. ती दूर न करता केवळ नवे सील घातल्यास तेही थोड्याच दिवसांत गळू लागते. पोटात साठणारे पाणी, दंडाजवळ उडालेले ग्रीज, कार्बनची काळी भुकटी व धारव्याची घरघर ही लक्षणे होत. काही वाहनांत झोताच्या ओढीने पोटातील पाणी चालताना बाहेर शोषले जाते. त्यामुळे गळती झाकली जाते आणि किनाऱ्यापासून दूर एंजिन थांबल्यावर पाणी वेगाने साठू लागते. पाणी एंजिनाच्या सिलिंडरात शिरल्यास एका स्वस्त सीलपायी संपूर्ण एंजिन गमावण्याची वेळ येते.

दुरुस्ती : प्रथम आसन काढून पेट्रोलची वाफ निघून जाऊ द्यावी व विद्युत् घटमालेची जोडणी सोडावी. नंतर पंप उतरवून दंड मागे ओढून काढतात. काही रचनांत धारव्याच्या घरापर्यंत पोहोचण्यासाठी एंजिनही हलवावे लागते. जुने सील काढण्यापूर्वी त्याच्या ओठाची दिशा टिपून ठेवावी. दंडावरील खाच नखाला जाणवत असेल, तर दंड बदलणे इष्ट. धारवे व सीले एकाच वेळी बदलावीत. नवे सील सारख्या व्यासाच्या नळीने सरळ दाबून बसवावे, ओठाला ग्रीज लावावे आणि दंडाच्या टोकावरील धारदार दात्यांनी तो कापू नये म्हणून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी. कार्बन-सीलमध्ये भात्याच्या भेगा, कार्बनचे तोंड, पोलादी कड्याच्या आतील रबरी कडी व भात्यावरील पट्टे तपासतात. घासणाऱ्या तोंडांना ग्रीज लावीत नाहीत. शेवटी एंजिनाखाली पातळ पत्रे घालून किंवा काढून ते पंपाशी एका रेषेत आणतात. ही पायरी वगळल्यास आधीचे सर्व श्रम व्यर्थ जातात.

देखभाल : ग्रीज भरण्याची तोटी असल्यास त्यातून पाण्यात न विरघळणारे ग्रीज ठरावीक काळाने सावकाश भरावे; जोराने भरल्यास सील जागेवरून सरकते. एंजिन धुण्यासाठी जोडलेले पाणी सीलपर्यंत पोहोचतेच असे नाही. म्हणून वाहन जमिनीवर असताना एंजिन निर्मात्याने सांगितलेल्या अल्प मुदतीपलीकडे चालवू नये, अन्यथा कार्बनचे कडे व भाता तापून खराब होतात. खाऱ्या पाण्यातील फेरीनंतर पंपाचा भाग गोड्या पाण्याने धुवावा. तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यांप्रमाणे जेथे वाहने उथळ, वाळूच्या पाण्यातून सोडली जातात, तेथे पुरेशा खोलीत गेल्यावरच वेग वाढवावा. प्रत्येक फेरीनंतर पोटातील पाणी पाहण्याची सवय ही सर्वांत सोपी व खात्रीची तपासणी होय.