पाठीची रेषा

अर्कचित्र शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी नाक काढायला सांगत नाही. डेव्हिड लो यांच्या ‘राँदेव्हू’ या व्यंगचित्राची मोठी प्रत टेबलावर ठेवतो, वर बटर पेपर लावतो आणि गिरवायला बसवतो. स्वतःही बसतो. इतकी वर्षं गिरवूनही ते चित्र मला अजून सोपं वाटत नाही.

१ सप्टेंबर १९३९ला हिटलरचं सैन्य पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसलं, १७ तारखेला स्टालिनचं पूर्वेकडून. २० तारखेला लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये हे चित्र आलं. दोघे समोरासमोर, टोप्या उचललेल्या, कमरेत वाकलेले. मध्ये जमिनीवर प्रेत. जगातला गाळ म्हणतात तो आपणच ना, असं हिटलर अदबीनं विचारतोय. कामगारांचा खुनी तो आपणच ना, असं स्टालिन. काल-परवापर्यंतच्या शिव्या आज नमस्कार-चमत्कारात आल्या आहेत.

गिरवताना चेहरे जमतात. एक मिशी चौकोनी ठिपक्यासारखी, दुसरी झुपकेदार. हात अडतो तो पाठीवर. मानेपासून कमरेपर्यंतची रेषा ब्रशच्या एका फटकाऱ्यात उतरवावी लागते. जरा ताठ राहिली की सैनिक दिसतो, जास्त वाकली की हुजऱ्या. लो यांनी नेमका बाक पकडलाय. मांडवाच्या दारात व्याही व्याह्याला भेटावा तसा. मग मी मुलांना प्रेतावर तळहात ठेवायला सांगतो. उरतात दोन सभ्य गृहस्थ. हात काढला की कुणी काही बोलत नाही. टर उडवणं म्हणजे काय, ते मला यापेक्षा चांगलं सांगता आलेलं नाही.

हुकूमशहाला रक्तानं माखलेला राक्षस म्हणून रंगवलं तर तो सुखावतो, कारण लोकांनी घाबरावं हेच त्याला हवं असतं. तो गाढव आहे ही गोष्ट मात्र त्याला पसरू द्यायची नसते, असं लो यांचं मत होतं. मला ते शंभर टक्के पटतं. नुसती नाकं वाढवून आणि पोटं फुगवून भागवणाऱ्या आजच्या चित्रांत हीच समज कमी पडते.

ही समज किती झोंबत होती, याचा दाखला आहे. १९३७मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले, तेव्हा हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सनं लो यांच्या चित्रांबद्दल तक्रार केली. परतल्यावर हॅलिफॅक्सनी लो यांना हात आखडता घ्यायला सांगितलं. लो यांनी मग हिटलर आणि मुसोलिनी मिसळून ‘मझलर’ नावाचं एकच पात्र काढलं. पुढच्या मार्चमध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि लो पुन्हा थेट हिटलरवर आले. ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’च्या मालकांचा कल जर्मनीशी जुळवून घेण्याकडे होता, पण मनाप्रमाणे चित्र काढण्याची मोकळीक लो यांनी करारातच मिळवली होती.

त्यांची रेषा आपल्याकडेही पोचली. म्हैसूरला लहानपणी आर. के. लक्ष्मण ‘द हिंदू’त येणारी लो यांची चित्रं तासन् तास न्याहाळत, त्यांवरची ‘Low’ ही सही त्यांना ‘Cow’, म्हणजे ‘काऊ’, अशी दिसे.

ब्रिटन जिंकल्यावर कुणाकुणाला पकडायचं, याची नाझींनी केलेली यादी युद्धानंतर सापडली. तिच्यात चर्चिल यांच्यासोबत डेव्हिड लो यांचंही नाव होतं.